आप्पांच्या फोनवरून गेलेली लग्नपत्रिका

शहाद्यात बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. पाटीवर अजून ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ असं लिहिलेलं आहे. विक्री केव्हाच थांबली, दुरुस्तीवर चाललंय. पूर्वी लोक कॉम्प्युटर रिक्षात घालून, मांडीवर धरून आणायचे. आता खिशातून मोबाइल काढतात आणि म्हणतात, “विलासभाऊ, हा आपोआप काहीतरी करतो.”

आपोआप काहीच होत नसतं, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. बाहेरच्यांना वाटतं की मी दिवसभर स्क्रू पिळत बसतो. खरं काम असतं ते नको ते आत शिरलेलं शोधून बाहेर काढण्याचं. व्हायरस म्हणजे किडा नाही आणि धूळही नाही. कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेला तो प्रोग्रॅम असतो आणि तुमचंच यंत्र तुमच्याविरुद्ध कामाला लावतो. एवढंच आहे. पण एवढं पटवायला मला कधीच जमलं नाही.

एक किराणा व्यापारी होते. व्हायरस हवेतून येतो असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. त्यांनी कॉम्प्युटरला बायकोची जुनी साडी गुंडाळली आणि वर रोज उदबत्ती सुरू केली. मशीन बंद पडलं तेव्हा मी कीबोर्ड उलटा केला, तर चमचाभर राख पडली. व्हायरसही होता, पण तो फुकट मिळालेल्या गाण्यांच्या सीडीतून आलेला. शेठजींनी सीडी जपून ठेवली आणि उदबत्ती बंद केली.

लोणखेड्याचे एक गुरुजी होते. पासवर्ड काय, असं विचारलं तर म्हणाले, “समोर लिहिलाय की.” मॉनिटरच्या कडेला स्केचपेननं त्यांचंच आडनाव लिहिलेलं होतं. मी म्हटलं, गुरुजी, हा बदला आणि पुसा. ते हसले. “विलासभाऊ, आम्हना घरमा कोण येई ऱ्हायनं चोराले?” मी अर्धा तास समजावलं की हा चोर दारातून येत नाही, त्याला तुमचं गावही माहीत नसतं. त्यांनी मन लावून ऐकलं, चहा पाजला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा स्केचपेनची अक्षरं पुसट झाली होती, म्हणून गुरुजींनी ती ऑइलपेंटनं पक्की करून घेतली होती.

अशा वेळी हसायला येतं, पण हळूहळू माणूस कडवट होतो. मी दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली होती. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत ठेवा. ती घराबाहेर ठेवा. पासवर्ड कुणाला सांगू नका. अनोळखी फाइल उघडू नका. गिऱ्हाईक त्या कागदाला पाठ टेकून उभं राहायचं. मग मीही मनात म्हणायला लागलो की भोगा आपल्या कर्माची फळं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच होतं.

तो कागद वाचणारी एकच व्यक्ती मला भेटली. तिच्याविषयी सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मार्था सिस्टर मूळच्या नवापूरकडच्या डोंगरातल्या, कोकणी या आदिवासी जमातीतल्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. आरोग्यसेविका म्हणून म्हसावदच्या अलीकडच्या एका गावात त्यांची नेमणूक झाली आणि त्या तिथल्याच झाल्या. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढची हकिकत वाचून कुणाला संकोच वाटायला नको. गावानं ‘मार्था’चं ‘मारता’ करून टाकलं होतं. सिस्टर सुई मारते म्हणून मारता सिस्टर, असं पोरं म्हणत. त्याही हसत. गावाशी त्या गावासारखी अहिराणी बोलत, माझ्याशी दवाखान्यातली मराठी.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला. नोकरीच्या काळात गावात झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद त्यांनी स्वतःच्या वह्यांत ठेवली होती. सरकारी रजिस्टर वेगळं, या वह्या वेगळ्या. बाळ कधी जन्मलं, वजन किती, आई कोणत्या वाडीची. जन्मतारखेसाठी लोक पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येत. वह्यांची पानं गळायला लागली तेव्हा त्यांनी एका बोटानं टाइप करायला घेतलं. दोन वर्षं लागली.

“यात कुणाचं पहिलं मूल गेलं, कुणाला काय आजार होता, सगळं आहे,” त्या मला म्हणाल्या. “हे दुसऱ्यानं पाहायचं नाही. म्हणून मी नेट घेतलेलंच नाही.”

एकदा त्यांना मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम हवा होता. मी घरी जाऊन पेनड्राइव्हनं टाकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या मशीन घेऊन दुकानात हजर. त्यांचे सगळे फोल्डर गायब झाले होते. त्यांच्या जागी नुसतीच खुणेची चित्रं, दाबलं तर काही उघडत नव्हतं. त्या काळी असा एक व्हायरस गावोगाव फिरत होता.

“विलासभाऊ, माझ्या मशीनला नेट नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बाहेरून आलात ते फक्त तुम्ही. माझ्याकडे येण्याआधी पेनड्राइव्ह कुठं लावला होता?”

“लोणखेड्याला. त्याआधी एका छपाईवाल्याकडे.”

“मध्ये तपासला?”

मी खिशातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

“आमच्याकडे सुरुवातीला काचेच्या सिरिंज होत्या. उकळल्याशिवाय दुसऱ्याला लावायची नाही. एकदा घाईत मी तशीच उचलली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. मला फार राग आला होता तेव्हा.”

मला राग आला नाही, पण कान गरम झाले. लोकांना शहाणपण शिकवणारा मी, आणि घरोघरी रोग वाहून नेणाराही मीच. तो व्हायरस फोल्डर पुसत नाही, लपवतो. त्यामुळे तासाभरात सगळ्या नोंदी परत दिसायला लागल्या. सिस्टरांनी एक-एक उघडून पाहिली आणि मगच पाणी प्यायल्या. मी म्हटलं, “आता एक प्रत तरी वेगळी ठेवा.”

“आहे की. दर महिन्याला सीडीवर काढते आणि नवापूरला बहिणीकडे पाठवते. घराला आग लागली तर दोन्ही एकदम जायला नकोत.” मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुमच्याच कागदावर लिहिलंय ना?”

तेव्हापासून मी प्रत्येक मशीननंतर पेनड्राइव्ह तपासतो. सिस्टरही काही अडलं की फोन करायच्या.

असाच फोन गेल्या उन्हाळ्यात आला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ दिवस होते. सासुरवाशिणी माहेरी यायला लागल्या होत्या आणि लग्नांचे दिवस होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील.

“विलासभाऊ, भास्कर आप्पांच्या पोरीची पत्रिका फोनवर आलीय,” सिस्टर म्हणाल्या. “पण ती उघडत नाही, ‘इन्स्टॉल करू का’ म्हणून विचारते. पत्रिका वाचायची असते. ती फोनमध्ये बसवायची कशाला?”

मी हातातलं काम खाली ठेवलं. हा प्रकार ऐकून होतो, पण आपल्या भागात पाहिला नव्हता. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून पत्रिकेच्या नावानं फाइल येते. ती पत्रिका नसते, प्रोग्रॅम असतो. तो बसवला आणि परवानगी दिली की तुमच्या फोनवर येणारे मेसेज दुसरीकडे कुणीतरी वाचायला लागतो. त्यात बँकेचा ओटीपीही आला. आणि तुमच्या फोनमध्ये जेवढे नंबर असतील, त्या सगळ्यांना तुमच्या नावानं तीच पत्रिका जाते.

“तुम्ही दाबलं नाही ना?”

“नाही. पण गावानं दाबलं असणार. आप्पांच्या पोरीचं लग्न खरंच आहे, बारा दिवसांवर.”

भास्कर आप्पा म्हणजे गावातलं मोठं नाव. केळी-पपईची शेती आणि शब्दाला वजन. त्यांच्याकडून आलेली पत्रिका कोण उघडणार नाही? चोराला हे काहीच ठाऊक नव्हतं. आप्पांना आदल्या दिवशी सुरतच्या नातेवाइकाकडून ती फाइल आली होती आणि त्यांनी ती उघडली होती, एवढाच योग. हे नंतर कळलं.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “सगळ्यांना सांगा, फोन घेऊन दुकानात या.”

“शहाद्याला कोण येणार? कुणाला काही दुखत नाहीये. दुखत नसताना माणूस दवाखान्यात येत नसतो. तुम्ही इकडे या.”

दुकानाचं शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली.

सिस्टर ओट्यावर तयारच होत्या. समोर वही होती, पोलिओच्या वेळची. गल्लीवार सगळी घरं ओळीनं लिहिलेली. “काय काय करायचं ते सांगा,” त्या म्हणाल्या. मी सात गोष्टी सांगितल्या. त्यांनी मान हलवली. “सात कुणाच्या लक्षात राहतात? आत्ता केल्याच पाहिजेत अशा तीन सांगा.” मी तीन सांगितल्या. फोनवरचं विमानाचं चित्र दाबायचं, म्हणजे बाहेरचा संबंध तुटतो. मग तो प्रोग्रॅम शोधून काढून टाकायचा. आणि दुसऱ्या, चांगल्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवायचे. बाकीचं नंतर. त्यांनी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि चपला घातल्या.

पहिलं घर बचत गटाच्या अध्यक्ष सुनंदाताईंचं. त्यांनी सकाळीच पत्रिका ‘बसवली’ होती. उघडली नाही म्हणून सोडून दिली होती.

“मन्हा फोनमा काय शे चोराले?” त्या हसून म्हणाल्या.

मी भाषण सुरू करणार तोच सिस्टरांनी माझा दंड दाबला. त्या खाली बसल्या. पाणी मागितलं. नातीचा खोकला कसा आहे विचारलं. मग म्हणाल्या, “सुनंदा, बचत गटना मेसेज तुन्हाच फोनवर येतस ना?”

“येतस.”

“कोण वाचस त्या?”

“मीच. आखो कोण वाची?”

“आते दुसरा कोणीतरी बी वाची ऱ्हायना.”

सुनंदाताईंचं हसू गेलं. गटात बारा बायका होत्या. त्यांनी फोन असा पुढे केला, जणू हातात विंचू आहे. दहा मिनिटांत तो साफ झाला. सिस्टरांनी पिशवीतून खडू काढून दाराच्या चौकटीवर खूण केली, पोलिओच्या दिवशी करायच्या तशी. मी विचारलं, खूण कशाला? म्हणाल्या, “शेजारीण विचारेल, हे काय? सुनंदा सांगेल. मला दोनदा सांगावं लागणार नाही.”

तसंच झालं. चौथ्या-पाचव्या घरापासून बायका दारात फोन घेऊन उभ्या राहायला लागल्या. माहेरवाशिणींनी आपापल्या सासरी फोन लावले. ज्या घरचे पुरुष शेतात होते तिथं सिस्टर वेगळी खूण करत, संध्याकाळी परत यायचं म्हणून. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, ते लोक हेच होते. त्या दिवशी ते ऐकत होते.

दुपारपर्यंत मात्र दुसराच वारा सुटला. “आप्पाना फोनथून उनं,” असं लोक रागानं बोलायला लागले. काही जण उलट म्हणायचे, आप्पा खोटं कशाला धाडतील, आणि फोन द्यायला तयार नव्हते. आप्पांनी तर फोन बंद करून दार लावून घेतलं होतं. सिस्टर वही मिटून सरळ त्यांच्याकडे गेल्या.

आप्पा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. पुढ्यात छापील पत्रिकांचा गठ्ठा होता. “सिस्टर, मन्ही इज्जत गयी,” ते म्हणाले. “पोरनं लगीन शे, आणि मी गावले चोर धाडा.”

सिस्टर त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. “आप्पा, गॅस्ट्रोनं साल याद शे ना?”

“शे.”

“पहिला घरनी दोन दिन दपाडी ठेवं, कोणले सांगं नही. लाज वाटनी त्यास्ले. मंग आख्खं गाव आडवं पडनं. रोग उना त्यानी लाज नही. दपाडं त्यानी शे. तुम्हना फोनथून गयं, ते तुम्हनाच तोंडथून परत फिरी.”

आप्पा पलंगावरून उठले. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि आमच्याआधी घराबाहेर पडले.

ग्रामपंचायतीवर पाणी सोडल्याची सूचना द्यायचा भोंगा आहे. त्यावरून त्यांचा आवाज गावभर गेला. “मी भास्कर आप्पा बोली ऱ्हायनू. मन्हा फोनथून जी पत्रिका उनी ती मी धाडेल नही. उघाडू नका. ज्यासनी उघाडेल व्हई, त्यासना घर सिस्टर ई ऱ्हायनी. तिले फोन द्या. खरी पत्रिका मी सोता हातमा लई ईसू.”

आणि खरंच, ते पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून आमच्याबरोबर निघाले. एका दारात सिस्टर फोन घ्यायच्या आणि आप्पा पत्रिका द्यायचे. रागावलेली माणसंसुद्धा दारात आलेल्या आप्पांना काही बोलू शकली नाहीत. “या, बसा” म्हणायची. दिवस मावळायच्या आत वहीतली सगळी घरं झाली. म्हणजे, मला तसं वाटलं.

दोन खात्यांतून पैसे गेले. एक आप्पांचंच होतं. दुसरं नथूबाबांचं, आणि ते माझ्यामुळे गेलं. गावाच्या टोकाला त्यांचं एकट्याचं घर आहे. सिस्टर तिकडे वळत होत्या तर मीच म्हणालो, “बाबांकडे बटणांचा साधा फोन आहे. मी स्वतः दुरुस्त केलाय. सोडा.” आखाजीसाठी माहेरी आलेल्या लेकीनं दोनच दिवसांपूर्वी त्यांना नवा फोन आणला होता. सिस्टर वळल्या असत्या तर ते कळलं असतं. त्या एका घराच्या बाबतीत मी ओळखीवर विसंबलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन बँकेत गेलो आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तक्रार लवकर झाल्यामुळे काही रक्कम पुढच्या खात्यात अडली आणि पुढे परत मिळाली, सगळी नाही. मी बाबांना माझी चूक सांगितली. ते म्हणाले, “भाऊ, तुन्ही काय चुकी? बोट ते मन्हंच व्हतं.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लग्नाला मला आणि सिस्टरांना आग्रहाचं बोलावणं होतं. वऱ्हाड धुळ्याकडचं. दुपारचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि लोक पंगतीकडे वळणार, तेवढ्यात आप्पांनी माइक घेतला. मला वाटलं, मानपान, आभार, असं काहीतरी असेल. पण त्यांनी सगळी हकिकत सांगितली. नव्या व्याह्यांसमोर, चारशे-पाचशे माणसांत. माझ्या फोनवरून कसं गेलं, मी दार लावून कसा बसलो, सिस्टरनं कसं उठवलं. काही झाकलं नाही. पोरीचा बाप लग्नाच्या मांडवात आपली फसगत सांगतोय, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोक हसतील अशी भीती होती.

कुणी हसलं नाही. वरपक्षाकडचे एक वयस्कर काका उठले, चाचपडत खिशातून फोन काढला आणि म्हणाले, “मालेबी एक पत्रिका उनी शे. दोन दिन व्हयनात. मी उघाडेल शे.”

सिस्टरांनी पाण्याच्या पिंपाजवळ एक खुर्ची ओढली आणि पर्समधून चष्मा काढला. मी दुसरी खुर्ची घेतली. काकांच्या मागे आणखी एक जण येऊन उभा राहिला, त्याच्या मागे दोन बायका. रांग लागली. पंगती उठत होत्या आणि नव्या बसत होत्या. कुणाच्या फोनमध्ये काही नव्हतं, तरी दाखवून घ्यायचं होतं. सिस्टर प्रत्येकाला आधी विचारत, जेवलात का? मग फोन घेत. त्यांचा वेग आता माझ्याइतकाच होता.

शेवटची पंगत उठली तेव्हा आप्पा स्वतः दोन पत्रावळी घेऊन आले आणि आमच्यासमोर मांडल्या. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. यजमान वाढायला उभा राहिलेला पाहून सुनंदाताई धावल्या, पण आप्पांनी त्यांना बाजूला सारलं. बट्टी कुस्करून दिली आणि तुपाचं भांडं पुढे केलं.

“सिस्टर, ल्या.”

सिस्टरांच्या डाव्या हातात अजून कुणाच्या तरी आत्याचा फोन होता. त्यांनी मान वर केली नाही.

“थांबा आप्पा, हाऊ एक व्हऊ द्या.”

आप्पा तुपाचं भांडं हातात धरून तसेच उभे राहिले.